विश्लेषण : घाटात ट्रकचे ब्रेक ‘फेल’ होतात, म्हणजे नेमके काय होते?

पुण्यात नवले पुलाजवळ १३ नोव्हेंबर २०२५ रोजी उतारावरून भरधाव आलेल्या कंटेनरने वाहनांना धडक दिली. एक कार दोन अवजड वाहनांच्या मध्ये चिरडली गेली, आग लागली आणि आठ जणांचा बळी गेला. त्याच वर्षी २६ जुलै रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळ एका कंटेनरने वीसच्या आसपास वाहनांना उडवले होते. त्याआधी जुलै २०२३ मध्ये धुळे जिल्ह्यातील पळासनेर येथे मुंबई-आग्रा महामार्गावर एक अवजड वाहन थेट हॉटेलात घुसले. त्यात किमान दहा जणांचा मृत्यू झाला.

तिन्ही वेळा पहिल्या बातमीत एकच वाक्य होते, ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचे नियंत्रण सुटले’. हे वाक्य इतक्यांदा छापून आले आहे की त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. ब्रेक निकामी झाले म्हणजे पाइप फुटला? हवा गेली? पेडल तुटले? बहुतेक घाटांतल्या अपघातांत यातले काहीच झालेले नसते. ब्रेक लागतो, पण गाडी थांबत नाही. हे कसे होते, हे कळण्यासाठी भरलेला ट्रक घाट कसा उतरतो, हे पाहावे लागेल.

ट्रकचा ब्रेक कारपेक्षा वेगळा कसा?

कारमध्ये पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब चाकापर्यंत जातो. अवजड ट्रकमध्ये हे काम हवा करते. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो. चालकाने पेडल दाबले की ही हवा प्रत्येक चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते, चेंबरमधला दांडा पुढे सरकतो आणि ब्रेक शू फाकून ड्रमच्या आतल्या बाजूला घासतात. शूवर जो घर्षणाचा थर असतो, त्याला गॅरेजमध्ये लायनर म्हणतात. हवा लांबवर जायची असल्याने पेडल दाबणे आणि ब्रेक लागणे यात क्षणभराचे अंतर पडते. लांब ट्रेलरमध्ये ते अधिक जाणवते.

‘हवा गेली की ब्रेक गेला’ हा समज मात्र अर्धवट आहे. मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये एक जाड स्प्रिंग असते. हवेचा दाब तिला दाबून धरतो. दाब फारच कमी झाला तर स्प्रिंग मोकळी होते आणि चाके आपोआप जाम होतात. हातब्रेकही याच स्प्रिंगवर चालतो. म्हणजे हवा पूर्ण गेली तर गाडी थांबावी, अशीच रचना आहे. रेल्वेच्या एअर ब्रेकमागचा विचारही साधारण हाच.

मग गाडी सुसाट का सुटते? कारण दोष बहुतेक वेळा हवेत नसतो, उष्णतेत असतो.

एक घाट, साठ गिझर

आकडे मांडले की चित्र स्पष्ट होते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे, खोपोली साधारण ६० मीटरवर. चाळीस टन वजनाचा ट्रक ही साडेपाचशे मीटरची उंची खाली येतो, तेव्हा त्याच्यातली सुमारे ६० युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी ४० किमी वेगाने कुसगाव ते खोपोली हे १९ किमीचे अंतर उतरायला अर्धा तास लागतो. दोन किलोवॉटचे साठ गिझर अर्धा तास सलग चालू ठेवले तर जेवढी उष्णता होईल, तेवढी ही आहे.

ताशी ४० किमीवर धावणारा तोच ट्रक सपाट रस्त्यावर एकदा थांबवायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या सुमारे ८५ पट ऊर्जा या एका घाटात जिरवावी लागते. शहरात व्यवस्थित लागणारा ब्रेक घाटात दगा का देतो, याचे उत्तर या ८५ पटीत आहे.

टायरचे घर्षण आणि हवेचा रोध यातला साधारण पाव हिस्सा घेतात. उरलेला पाऊण हिस्सा इंजिनाने किंवा ब्रेकने घ्यायचा. समजा चालकाने सगळा भार ब्रेकवर टाकला. दहा ड्रम, प्रत्येकी ५० किलो लोखंड धरू. सगळी उष्णता त्यातच साठली तर ड्रमचे तापमान साडेसहाशे अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात ड्रम वाऱ्याने थंडही होत असतात, त्यामुळे आकडा इतका वर जात नाही. पण सर्वसाधारण लायनरची पकड तीनशे-साडेतीनशे अंशांच्या पुढे घसरू लागते, हे लक्षात घेतले तर धोका समजतो.

आणि दहाही ड्रम सारखे तापत नाहीत. ज्या चाकाचा ब्रेक नीट ‘सेट’ केलेला आहे, ते चाक जास्त काम करते. ज्याचा स्लॅक अॅडजस्टर ढिला आहे, ते फुकट फिरते. दहापैकी चार ब्रेक ढिले असतील, तर उरलेल्या सहांवर दहाचा बोजा येतो. सपाट रस्त्यावर हे चालकाच्या लक्षातही येत नाही.

पेडल दाबूनही गाडी का थांबत नाही?

तापलेल्या ब्रेकमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. लायनरचे घर्षण कमी होते. आणि लोखंडी ड्रम तापून फुगतो, म्हणजे शूपासून दूर जातो. शूला आता जास्त अंतर कापावे लागते, पण चेंबरमधल्या दांड्याची धाव ठरलेली असते. ती संपली की चालकाने पेडलवर उभे राहिले तरी जोर पुढे पोहोचत नाही. याला अभियांत्रिकीच्या भाषेत ‘ब्रेक फेड’ म्हणतात. ब्रेक तुटलेला नसतो. थंड झाला की तो पुन्हा लागतो. म्हणूनच अपघातानंतर काही तासांनी वाहन तपासले, तर ‘ब्रेक सुस्थितीत’ असाही शेरा मिळू शकतो. चालक ‘ब्रेक फेल झाला’ म्हणतो, तपासणारा ‘ब्रेक चांगला आहे’ म्हणतो आणि दोघेही खरे बोलत असतात.

अशा वेळी चालक सहसा हातब्रेक ओढतो. त्याचाही उपयोग होत नाही, कारण हातब्रेकची स्प्रिंग त्याच तापलेल्या ड्रमवर तेच शू दाबते. ट्रकला हातब्रेकचा वेगळा, थंड संच नसतो.

दुसरी प्रतिक्रिया म्हणजे भराभर पेडल मारणे. प्रत्येक दाबाला टाकीतली हवा खर्च होते. कॉम्प्रेसर तेवढ्या वेगाने ती भरू शकला नाही, तर दाबही घसरतो. मूळ दुखणे उष्णतेचे, त्यात हवेची भर.

गाडी थांबली की तापलेल्या ड्रमवर पाणी ओतण्याची सवयही आपल्याकडे जुनी आहे. बीडाचे लोखंड असे अचानक थंड केले तर त्याला तडे जातात. पुढच्या घाटाची तयारी अशी उलटी होते.

मग घाट उतरायचा कसा?

जुन्या चालकांचा एक नियम होता : ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. आजची इंजिने ताकदवान आहेत, ती वरच्या गिअरमध्येही चढतात. त्यामुळे आता त्याहून एक गिअर खाली उतरणे सुरक्षित. गिअर खालचा असेल आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तर चाके इंजिनाला फिरवू लागतात आणि इंजिन त्यांना मागे खेचते. त्याच्या जोडीला एक्झॉस्ट ब्रेक असतो. धुराच्या नळीत एक झडप बंद होते, इंजिनाला धूर बाहेर ढकलायला जास्त जोर लावावा लागतो आणि तो जोर गाडीच्या वेगातून वसूल होतो. यात ड्रम तापत नाही. उष्णता इंजिनातून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते, म्हणजे ज्या यंत्रणा उष्णता बाहेर टाकण्यासाठीच बनवल्या आहेत, त्यांच्यातून.

पण एक अट आहे. इंजिनाचे फेरे जास्त असतील तरच ही ओढ मिळते. वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर एक्झॉस्ट ब्रेकचे बटण दाबले तर आवाज येतो, काम होत नाही. आणि इथेच सपाट रस्त्याची शिकवण आड येते. डिझेल वाचवायचे तर काटा हिरव्या पट्ट्यात ठेवा, असे चालकाला रोज सांगितले जाते. घाट उतरताना मात्र काटा त्याच्या वर, पण लाल पट्ट्याच्या आत ठेवावा लागतो. कान आणि मन दोन्ही त्याला विरोध करतात.

गिअर निवडायचा तो उतार सुरू होण्याआधी. एकदा भरलेल्या गाडीने वेग घेतला की खालचा गिअर पडत नाही. चालकाने क्लच दाबून प्रयत्न केला आणि गिअर अडकला, तर गाडी न्यूट्रलमध्ये राहते. वरचाही गिअर पडत नाही, खालचाही नाही. मग सगळा घाट ड्रमवर.

ब्रेक वापरायचाच नाही, असे नाही. कसा वापरायचा, हा प्रश्न आहे. अमेरिकेत अवजड वाहन परवान्याच्या पुस्तिकेत यासाठी सोपी पद्धत दिलेली आहे. उतारासाठी एक सुरक्षित वेग ठरवा. तिथे पोहोचलात की ठामपणे ब्रेक दाबा, वेग ताशी सात-आठ किमीने खाली आणा आणि ब्रेक पूर्ण सोडा. वेग पुन्हा वाढला की पुन्हा तेच. सतत हलका पाय ठेवून उतरण्यापेक्षा हे बरे. सतत हलक्या दाबात ढिले ब्रेक काम करतच नाहीत आणि नीट लागणारे दोन-चारच भाजून निघतात.

न्यूट्रलने डिझेल वाचते का?

नवले पुलाजवळच नोव्हेंबर २०२२ मध्ये एका टँकरने ४८ वाहनांना धडक दिली होती. त्या प्रकरणाच्या प्राथमिक तपासात चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचा मुद्दा पुढे आला होता. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडले की दरी पूल, नऱ्हे करत नवले पुलापर्यंत सात-आठ किमी रस्ता जवळपास सलग उतरतो. हा घाट वाटत नाही. वळणे फार नाहीत, रस्ता रुंद आहे. ‘सोडून द्यावी गाडी’ असे वाटायला लावणारा हा उतार आहे आणि तो संपतो तिथे शहराची गर्दी आहे.

आता हिशेब पाहू. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेलचा पुरवठा बंद होतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरते, खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये टाकले की इंजिनाला स्वतःच्या जोरावर फिरत राहायला डिझेल लागते. म्हणजे ज्या उतारावर वेग आवरावाच लागतो, तिथे न्यूट्रल थोडे डिझेल जाळते. इंजिनच बंद केले, तर खर्च शून्य होतो. पण गिअरमध्येही तो शून्यच होता. बदल्यात कॉम्प्रेसर बंद, पॉवर स्टीअरिंग जड आणि इंजिनाची ओढ गायब.

तरीही ही सवय जात नाही, याचे कारण केवळ अज्ञान नाही. अनेक ठिकाणी मालक चालकाला ठरलेल्या ‘अॅव्हरेज’प्रमाणे ट्रिपचे डिझेल देतो. त्यातून जे वाचेल ते चालकाचे. कमी पगारात हीच वरकमाई असते. ज्याला दर लिटरमागे हिशेब द्यायचा आहे, त्याला मोठा उतार म्हणजे फुकटचे किलोमीटर वाटतात. घाटात ‘गाडी न्यूट्रल करू नका’ असा फलक लावून हे गणित बदलत नाही. मालकाने हिशेबाची पद्धत बदलली तर बदलेल.

जास्त माल भरल्याने किती फरक पडतो?

सरळ फरक पडतो. चाळीसऐवजी पन्नास टन असतील, तर त्याच घाटात जिरवायची ऊर्जा २५ टक्क्यांनी वाढते. ड्रम मात्र तेवढेच राहतात. केंद्राने २०१८ मध्ये वजनाची कायदेशीर मर्यादाच वाढवली. तीन अॅक्सलच्या ट्रकची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली, सर्वांत मोठ्या वाहनांची ४९ वरून ५५ टनांवर. मालवाहतुकीचा खर्च कमी व्हावा, हा उद्देश होता आणि तो गैर नव्हता. पण मर्यादा वाढली म्हणून ओव्हरलोडिंग थांबले, असे रस्त्यावर दिसत नाही.

वेगाचेही तेच. ताशी ४० ऐवजी ६० ने उतरल्यास एकूण उष्णता तेवढीच, पण ती दर मिनिटाला दीडपट वेगाने तयार होते. ड्रमला थंड व्हायला वेळ कमी मिळतो. द्रुतगती मार्गाच्या घाटात उतरताना अवजड वाहनांना बरीच वर्षे ताशी ४० किमीची मर्यादा लावण्यात आली, त्यामागे हे गणित आहे. ती वाढवा, अशी वाहतूकदारांची मागणी राहिली आहे. कॅमेऱ्यांचा दंड त्यांना जाचक वाटतो, हे समजू शकते. पण बोजा भरून ४० च्या आत उतरता येत नसेल, तर दोष मर्यादेत नाही. गिअर चुकीचा आहे किंवा वजन.

हे चालकाला शिकवतो कोण?

अवजड वाहनाच्या परवान्यासाठी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हातात असावा लागतो आणि वय २० पूर्ण असावे लागते. केंद्राने २०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आणली. त्यात अवजड वाहनांसाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम आहे. कागदावर तो वाईट नाही. पण भरलेली गाडी लांब उतारावरून उतरवून दाखवा, अशी अट परवान्याच्या चाचणीत नाही. ब्रेकच्या फिटनेस तपासणीतही रोलरवर थंड ब्रेकच मोजला जातो. तापल्यावर काय होईल, हे तिथे दिसत नाही.

खरे शिक्षण आजही क्लीनर म्हणून उस्तादाच्या शेजारी बसूनच होते. उस्ताद चांगला असेल तर गिअरचा नियम मिळतो, नाहीतर न्यूट्रलचा. त्यात क्लीनरची जागाच कमी होत चालली आहे. खर्च वाचवण्यासाठी अनेक गाड्या एकट्या चालकावर धावतात आणि शिकण्याची ती एकमेव पायरीही तुटते.

थकवा हा वेगळा विषय आहे, पण घाटापाशी तो याच विषयाला येऊन मिळतो. मोटार वाहतूक कामगार कायद्याने १९६१ मध्येच चालकासाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता आणि आपल्याकडचे बहुसंख्य ट्रकमालक एक ते पाच गाड्यांचे धनी आहेत. हा कायदा आता नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे. रात्री दोनला घाटमाथ्यावर पोहोचलेल्या चालकाने किती तास गाडी चालवली, हे विचारणारे मात्र कोणी नसते. उतार सुरू होण्याआधी दोन मिनिटे थांबून ब्रेक तपासणे, गिअर ठरवणे, एवढे अवधान त्याच्यात उरलेले असेलच, असे नाही.

२०२५ पासून नव्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ती याच कारणासाठी. ४० अंशांच्या उन्हात इंजिनाशेजारी दहा तास बसलेल्या माणसाची निर्णयक्षमता काय राहते, याचा अंदाज केबिनमध्ये एकदा बसल्याशिवाय येत नाही. मात्र रस्त्यावर धावणाऱ्या लाखो जुन्या ट्रकना हा नियम लागू नाही.

शिक्षा वाढवून अपघात कमी होतील का?

जानेवारी २०२४ मध्ये देशभरातील ट्रकचालक संपावर गेले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते आठवत असेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. केंद्राने ते उपकलम थांबवले. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हाही ते वगळूनच. पळून जाणाऱ्याला शिक्षा हवी, यात वाद नाही. पण ब्रेक फेड झालेल्या चालकाच्या बाबतीत चूक अपघाताच्या पाच-सात किमी आधी झालेली असते, गिअर निवडताना. काही वेळा त्याच्याही आधी, माल भरताना किंवा ब्रेक सेट करण्याचे काम पुढच्या ट्रिपवर ढकलताना. गुन्हा मात्र जवळपास नेहमी स्टीअरिंगवरच्या माणसावर दाखल होतो.

रस्त्याच्या बाजूने करण्यासारखे बरेच आहे. घाटमाथ्यावर सक्तीचा ब्रेक तपासणी थांबा हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय. अनेक देशांत लांब उतारांवर वाळू-खडीने भरलेले बाहेर जाणारे रस्ते असतात. ब्रेक गेलेला ट्रक त्यात शिरतो आणि रुतून थांबतो. नवले पुलासारख्या ठिकाणी जागेची अडचण सांगितली जाईल, पण उताराच्या वरच्या भागात तरी त्याचा विचार व्हायला हवा. शिवाय रिटार्डर नावाचे उपकरण आहे. ते चाकाच्या ब्रेकला हात न लावता गाडीचा वेग आवरते. मोठ्या आणि महागड्या बसमध्ये ते दिसते, मालाच्या ट्रकमध्ये आपल्याकडे अजून क्वचितच.

कार आणि दुचाकीवाल्यांसाठी काय?

घाटात ट्रकच्या पुढे मोकळी जागा दिसली की आपण तिथे घुसतो. ती जागा चालकाने मुद्दाम सोडलेली असते. तुम्ही शिरलात की त्याला ब्रेक दाबावा लागतो आणि ड्रममध्ये आणखी थोडी उष्णता साठते. वीस कारवाल्यांनी हेच केले की चांगला चालकही अडचणीत येतो.

उतारावर जळक्या लायनरचा उग्र वास आला किंवा ट्रकच्या चाकांतून धूर दिसला, तर त्या गाडीच्या पुढे राहू नका. शक्य असेल तर तिला पुढे जाऊ द्या. मागून सतत हॉर्न आणि हेडलाइट मारत ट्रक येत असेल, तर तो दरवेळी दादागिरी करत असतो असे नाही. नवले पूल, खंडाळा किंवा कसाऱ्याच्या उताराखाली वाहने थांबलेली असतील, तर रांगेत सर्वांत मागे उभे राहताना आरशात पाहत राहा आणि बाजूला सरकायला थोडी जागा ठेवा.